मिस्टरांचा ‘ब्रेक’ जवळ आला की घर का बदलतं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई जळगावच्या आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘मिस्टर एमआयडीसीत प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर आहेत. सहा वर्षं झाली. कंपनी तीच, ठेकेदार मात्र तीन बदलले. हातात साडेतेरा हजार येतात. दर अकरा महिन्यांनी आठ दिवसांचा ब्रेक देतात आणि परत घेतात. परत घेतलं नाही असं आजवर एकदाही झालेलं नाही. तरी ब्रेक जवळ आला की हा माणूस वेगळाच होतो. झोपत नाही, पोरांवर ओरडतो, पाहुणे आले तर बाहेर येत नाही. मी म्हणते, आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे, एवढं काय? त्यावर आणखी चिडतात. डॉक्टरला दाखवू का? हे कधी पर्मनंट होतील का? माझा भाऊ सुरतेला असतो, तो बोलावतोय. जावं का?’

ताई, मी जळगाव-भुसावळ पट्ट्यात सव्वीस वर्षं कामगारांचे दावे चालवतो. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो. पर्मनंट: आपोआप होणार नाहीत. सुरत: घाई करू नका. डॉक्टर: झोप खरंच उडाली असेल तर जरूर दाखवा, त्यात कमीपणा नाही, पण दुखणं डोक्यात सुरू झालेलं नाही, ते गेटवर सुरू झालंय. आणि एक चौथा प्रश्न तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ‘एवढं काय?’ तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच.

ब्रेकच्या दिवशी नेमकं काय होतं हे बहुतेक बायकांना माहीत नसतं, कारण घरी येऊन कुणी सांगत नाही. शिफ्ट सुटता सुटता ठेकेदाराचा माणूस गेटजवळच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावतो. टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा असतो. ‘माझा सर्व हिशेब मला पूर्ण मिळाला, माझी कोणतीही तक्रार नाही, मी स्वखुशीने काम सोडत आहे.’ तारखेची जागा कोरी. सही करायची, गेटपास जमा करायचा. पंचिंग मशीनमधून अंगठा काढून टाकतात. मग तो माणूस म्हणतो, ‘फोन करू.’

आठ दिवसांचा पगार बुडतो तो साडेतीन-चार हजार. तो कसाही भरून निघतो. ‘फोन करू’ मात्र भरून निघत नाही. माझ्याकडे आलेला एक ऑपरेटर सांगत होता, की त्या आठ दिवसांत तो मोबाइल चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीतसुद्धा गेला नाही. नवव्या दिवशी दहापैकी नऊ जणांना फोन येतो. एकाला येत नाही. तो एक कोण असतो हे बाकी नऊ जणांना बरोबर कळतं: ओव्हरटाइमचा दुप्पट दर मागणारा, नाहीतर रविवारी यायला नाही म्हटलेला, नाहीतर हाताला लागलं तेव्हा दवाखान्याचा कागद मागितलेला. सांगत कुणी काहीच नाही. परीक्षा आहे हे माहीत, पण पेपर कोण तपासतो आणि गुण कशावर देतो ते माहीत नाही, अशातली ही गोष्ट.

म्हणून ‘आजवर दरवेळी घेतलंच ना’ हे तुमचं म्हणणं हिशेबात बरोबर असलं तरी त्याला धीर देत नाही. त्याला दिसतो तो दहावा माणूस.

आता बाकीचे अकरा महिने बघा. ताप असला तरी जायचं. पोराच्या गॅदरिंगला सुट्टी मागायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, त्यात मशीनची धग. पंखा बंद पडला तरी ‘बघा ना साहेब’ एवढंच म्हणायचं. सुपरवायझर वयानं लहान, तो अरेतुरे करतो, ते ऐकून घ्यायचं. दिवसभर गिळलेलं माणूस कुठेतरी ओकणारच. गेटवर ओकता येत नाही, म्हणून ते तुमच्या ओट्यावर येतं. मी त्याच्या ओरडण्याची वकिली करत नाही. पोरांवर ओरडणं चूकच. पण ते कुठून येतं हे कळलं तर तुम्ही बोलाल वेगळं.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. हे थोडं विषयांतर आहे, पण सांगतो. अमळनेर, धुळे, चाळीसगाव, जळगाव, सगळीकडे त्या काळी कापडगिरण्या होत्या. बदली कामगारानं सकाळी पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी आत घ्यायचे. घेतलं नाही तर वडील आठ-साडेआठला घरी परत यायचे. आई काही बोलायची नाही. डबा तसाच, न उघडलेला, चुलीजवळ ठेवायची आणि दुपारी आम्ही सगळे त्यातलं खायचो. आम्हा पोरांना तो दिवस सणासारखा वाटायचा, कारण वडील घरी. ते मात्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. तेव्हा मला वाटायचं ते थकलेत. आता कळतं, गल्लीतून डबा घेऊन परत येताना लोक बघतात त्याचं ते होतं.

म्हणजे बेभरवशाचं काम आज निघालेलं नाही. धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबं दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात, पिढ्या झाल्या. केळीच्या कापणीची टोळी रावेर-यावलला कधीच कुणाच्या हजेरीपुस्तकात नव्हती. फरक एवढाच, की बदली कामगाराचं नाव यादीवर असायचं, यादी वर सरकायची, आणि आठ-दहा वर्षांनी का होईना वडील कायम झाले. तुमच्या मिस्टरांचं नाव कुठल्याच यादीत नाही. दर अकरा महिन्यांनी ते पाटीवरून पुसतात आणि परत लिहितात.

मला जे सांगायचंय ते इथेच आहे. या नोकरीत पैसा कमी मिळतो हे दुय्यम. या नोकरीत वर्षं मोजली जात नाहीत. तुमच्या घरात असेल तर सॅलरी स्लिप काढून बघा, ‘रुजू दिनांक’ काय लिहिलाय. सहा वर्षांपूर्वीचा नसणार. शेवटच्या ब्रेकनंतरचा असेल. कागदावर तुमचे मिस्टर कायम नवशिके आहेत. मागच्या वर्षी त्यांनीच शिकवलेला पोरगा आणि ते एकाच पगारावर. बँकेत गाडीच्या कर्जाला गेलात तर साहेब स्लिप बघून म्हणतो, ‘नोकरीला वर्ष पूर्ण नाही.’ मग गाडी फायनान्स कंपनीकडून, जास्त व्याजानं. म्हणजे पुसलेल्या वर्षांचं व्याजसुद्धा तुम्हीच भरता.

ज्याची मागची वर्षं मोजली जात नाहीत त्याला पुढची वर्षं दिसत नाहीत. हे मी अंदाजानं नाही, माणसं बघून बोलतोय. अशी माणसं दहा-अकरा महिन्यांच्या पलीकडचं बोलणंच टाळतात. पोराला कुठल्या शाळेत घालायचं, घराचा स्लॅब कधी टाकायचा, दुसरं मूल होऊ द्यायचं का. बायकोला वाटतं नवऱ्याला संसारात रस नाही. रस असतो हो, पण मार्चच्या पुढचं कॅलेंडर त्याला उघडताच येत नाही.

यावर एक अभ्यास मला फार पटला. २०१३ साली काही संशोधकांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांना एकाच प्रकारच्या बुद्धीच्या चाचण्या दोनदा दिल्या, एकदा तोडणीच्या आधी, हात रिकामा असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. माणसं तीच, पण तोडणीआधी त्यांना चाचण्या नीट जमल्या नाहीत आणि नंतर जमल्या. पैशाची चिंता डोक्यातली जागाच खाते. तुमच्या मिस्टरांचा ‘तोडणीआधीचा’ काळ दरवर्षी ब्रेकच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतो. त्या दिवसांत ते किल्ली विसरत असतील, हिशेबात चुकत असतील, सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहत नसेल. ते मुद्दाम करत नाहीत.

आणि लाज. तुम्ही लिहिलंत, पाहुणे आले की बाहेर येत नाहीत. आपल्या खान्देशात पहिला प्रश्न ‘काय करता?’ आणि दुसरा ‘पर्मनंट का?’ असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतात, नेमका त्याच सुमाराला ब्रेक पडला तर भाऊ शेताच्या कामाचं निमित्त काढून गावी पळतो, असे दोघंतिघं मला माहीत आहेत. एक अमळनेरकडचा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी म्हणाला, ‘भाऊ, मन्हं नाव कटी गयं.’ काम गेलं असं नाही म्हणाला. नाव कटलं म्हणाला.

लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. बायोडाटात ‘खासगी कंपनीत कार्यरत’ लिहिलं की मुलीकडचे लगेच ओळखतात. आणि हे फक्त मशीनवरच्या मुलांचं नाही. आमच्याकडच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे नेट-सेट, पीएचडी झालेले लोक आहेत. तास घेतला तर पैसे, उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. विद्यार्थी ‘सर’ म्हणतो, आणि सर संध्याकाळी मेव्हण्याच्या दुकानात बसतात. २०२३ मध्ये राज्य सरकारनं बाहेरच्या एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करायचा निर्णय काढला होता. ओरड झाली म्हणून ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. त्या महिन्यात माझ्याकडे आलेल्यांत शिपायापासून इंजिनिअरपर्यंत सगळे होते. गेटच्या आत काय चालतं ते शिकलेल्या घरांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, एवढीच त्यातली नवलाई.

आता कायदा. इथे दोन गैरसमज आहेत, एक कामगारांचा आणि एक ठेकेदारांचा.

कामगारांचा गैरसमज असा, की २४० दिवस भरले की आपण पर्मनंट. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांचा अर्थ मर्यादित होता. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल तर ती सलग एका वर्षाची नोकरी धरायची, आणि अशा माणसाला काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी मजुरी द्यायची. केंद्राच्या नव्या श्रमसंहितेतही हा हिशेब राहिला आहे. महाराष्ट्रात याच्या जोडीला दोन जास्त गोष्टी होत्या. आपल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, तात्पुरत्या किंवा बदली कामगाराचे वर्षात एकूण २४० दिवस भरले तर त्याला कायम करावं असं कलम होतं. आणि १९७१ च्या राज्याच्या कायद्यात, ज्याला आम्ही कोर्टात ‘पल्प’ म्हणतो, माणसाला कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा ठरवलेली आहे. तुमच्या मिस्टरांसाठीच लिहिल्यासारखं वाटतं ना?

पण मध्ये ठेकेदार उभा आहे. कंपनी कोर्टात म्हणते, ‘हा आमचा कामगार नाहीच.’ सर्वोच्च न्यायालयाचे २००१ चे निकाल आहेत, त्यांचा अर्थ असा, की कामगार आणि कंपनी यांचं नातंच वादात असेल तर पल्पखाली थेट दाद मिळत नाही, आधी ते नातं दुसऱ्या मार्गानं सिद्ध करा. आणि ठेका पद्धत बंद झाली म्हणून ठेक्यावरचे कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत. ठेका नुसता दाखवायचा आहे, काम देणारी, शिस्त लावणारी, सुट्टी मंजूर करणारी कंपनीच आहे, हे पुराव्यानिशी दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. त्याला वर्षं लागतात.

त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. स्थायी आदेश आता ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांनाच. ठेका कामगारांची तरतूद ५० किंवा जास्त ठेका कामगार असतील तिथेच. मुदतीच्या करारावर थेट घेतलेल्या माणसाला एक वर्षानंतरही त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी, ही त्यातली चांगली बाजू. नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायचं, हीही चांगली. पण मुदत संपली म्हणून नोकरी संपली तर ती छाटणी, म्हणजे मालकानं कामावरून काढणं, धरायची नाही, हे पूर्वीही होतं आणि आताही आहे. त्यामुळे ‘अकरा महिन्यांचा करार’ असा कागद समोर आला तर तो नीट वाचून घ्या.

ठेकेदारांचा गैरसमज असा, की ब्रेक दिला की सगळं तुटतं. काहीएक तुटत नाही. अकरा महिन्यांत साप्ताहिक सुट्ट्या धरून २४० च्या पुष्कळ पुढे दिवस जातात, आणि आठ दिवसांच्या फटीनं ते पुसले जात नाहीत. ग्रॅच्युइटीच्या सलग नोकरीलाही वर्षाला २४० दिवसच लागतात. तीन ठेकेदारांची सहा वर्षं जोडून मिळावीत म्हणून भांडावं लागतं, पण मुद्दा भांडण्यासारखा आहे. बोनसला तर वर्षात ३० दिवस काम पुरे. दिवाळीच्या तोंडावर ब्रेक देऊन ‘बोनस नाही बसत’ म्हणणारे ठेकेदार मी स्वतः पाहिलेत. त्यांना ३० दिवसांचं कलम दाखवलं की आवाज खाली येतो. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मुख्य कंपनीनं द्यायचा, हे १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होतं आणि नव्यातही आहे.

मग एवढं सगळं असून ब्रेक का देतात? माझं प्रामाणिक मत सांगतो. कायद्यातून सुटायला नव्हे. सुटता येत नाही हे त्यांच्या सल्लागाराला माझ्याइतकंच ठाऊक असतं. ब्रेक ‘फोन करू’ म्हणायला देतात.

आता तुमच्या हातात काय आहे. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण निम्म्या केसेस इथेच बिघडतात.

एका माणसाची केस माझ्याकडे होती. तेरा वर्षं एकाच कारखान्यात, पाच ठेकेदार. प्रत्येक ठेकेदारानं नवा पीएफ नंबर काढला. जुना ठेकेदार गेला की दोन महिन्यांनी हा जुन्या खात्याचे पैसे काढून घ्यायचा. कधी लेकीच्या फीला, कधी घराच्या पत्र्याला. पैसे त्याचेच, गरज खरी. पण पैसे काढताना दोन फॉर्म असतात. एकोणीस नंबरचा फॉर्म पीएफच्या रकमेचा, दहा-सी पेन्शनच्या हिश्शाचा. नेट कॅफेवाला दोन्ही भरून द्यायचा, ‘सगळे काढून घ्या काका’ म्हणून. पेन्शनला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. दहा-सीनं हिस्सा काढला की ती वर्षं पेन्शनच्या हिशेबातून जातात. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर तो माझ्याकडे आला तेव्हा तेरा वर्षांतली हिशेबात उरली होती ती सगळी मिळून पावणेदोन. किमान पेन्शन महिन्याला हजार रुपये आहे, फार नाही, पण ती मरेपर्यंत असते आणि मागे बायकोला असते. त्याला मी काहीच मिळवून देऊ शकलो नाही. ठेकेदारानं पुसायची ती वर्षं त्यानं स्वतःच्या सहीनं पुसली होती.

दुसरी केस उलटी. त्या माणसाची बायको शाळेत खिचडी शिजवायला जायची. नवऱ्याचा प्रत्येक गेटपास ती कंपनीत जमा होण्याआधी एका दुकानात नेऊन झेरॉक्स काढायची आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. का, तर सासऱ्यांनी तिला सांगितलं होतं, कागद टाकायचा नाही. कंपनीचे वकील म्हणाले, हा माणूस मागच्याच वर्षी ठेकेदारामार्फत आला. मी डबा उघडला. सात गेटपास. नाव तेच, कारखान्यातला विभाग तोच, कंपनीचा शिक्का तोच, आणि फोटोत माणूस सात वर्षांनी म्हातारा होत गेलेला. पहिल्यात मिशी काळी, शेवटच्यात चष्मा. पर्मनंट नाही झाला तो. तडजोड झाली, सात वर्षांचा हिशेब धरून रक्कम मिळाली, आणि त्या रकमेतून त्यानं घराला स्लॅब टाकला. साहेबांसमोर ते सात कागद ओळीनं मांडले तेव्हा तो मागच्या बाकावर रडत होता. पैसे तेव्हा ठरलेलेही नव्हते.

तर तुमचं काम त्या डब्याचं. मिस्टरांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच आहे का बघा. आधारला जोडलेला असेल तर एकच असायला हवा. त्याखाली तीन ठेकेदारांचे तीन मेंबर आयडी दिसतील. जुन्या दोघांची रक्कम शेवटच्यात वळती झाली आहे का, आणि दोघांनी सोडल्याची तारीख टाकली आहे का, हे पासबुकवर कळतं. पासबुकची प्रिंट काढून ठेवा. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काम केलं याचा ठेकेदाराच्याच हातचा तो पुरावा आहे. पगार बँकेत येत असेल तर सहा वर्षांचं स्टेटमेंट. हजेरी कार्ड, ओव्हरटाइमची चिठ्ठी, सुपरवायझरनं व्हॉट्सॲपवर टाकलेली शिफ्टची यादी, दिवाळीच्या मिठाईच्या वाटपाचा फोटो, काहीही. मिस्टर म्हणतील, ‘कशाला भानगड?’ त्यांना सांगा, केस करायची नाही, मोजून ठेवायचंय.

पैसे काढायची अगदी वेळच आली तर एकोणीसचा विचार करा, पण दहा-सीवर पेन्शनचे पैसे उचलू नका. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी योजनेचं प्रमाणपत्र मागता येतं, त्यानं वर्षं शाबूत राहतात.

स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात असेल, पाऊण टक्का, म्हणजे तुमच्या पगारावर शंभराच्या आसपास, तर ती भीक नाही, तुमचा हक्क आहे. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल तर पुढे आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के मिळतात. तापात कामावर जाणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीतच नाही. विमा क्रमांकही एकच ठेवायचा, ठेकेदार बदलला तरी.

पंखा, मशीनचं गार्ड, ओव्हरटाइमचा दर, यांबद्दल एकट्यानं जाऊन बोलायला मी कुणाला सांगत नाही. दहावा माणूस होण्याचा तो सगळ्यात जवळचा रस्ता. दहा जणांनी मिळून अर्ज दिला तर दहाही जणांना ब्रेक देणं मशीनला परवडत नाही. युनियन हा शब्द ऐकून मिस्टर दचकतील; पहिल्यांदा सगळेच दचकतात.

सुरतेचं. उधना, लिंबायत, डिंडोलीत निम्मा खान्देश आहे, अहिराणी ऐकू येते, ताप्ती लाइनवर रात्री बसलं की सकाळी पोहोचतो. लूमवर मीटरमागे पैसे मिळतात, चांगला हात असेल तर इथल्यापेक्षा जास्त पडतात. पण बारा तासांची पाळी, खोलीचं भाडं, आणि मंदी आली की तिथे ब्रेकसुद्धा देत नाहीत, लूमच बंद ठेवतात. इथे तुमची सहा वर्षं निदान शोधून सापडण्यासारखी आहेत. तिथे पहिल्या दिवसापासून नवी. भावाच्या ओळखीनं पीएफ असलेल्या ठिकाणी, नेमणूकपत्रावर काम मिळत असेल तर जरूर जा. ‘ये, बघू काहीतरी’ असं असेल तर नको. आणि पोरांची शाळा मध्ये तोडून तर नकोच.

डॉक्टरबद्दल पुन्हा एकदा. दोन आठवड्यांच्या वर झोप नसेल, दारू वाढली असेल, ‘मी गेलो तर बरं’ अशी भाषा आली असेल, तर ब्रेक संपायची वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात दाखवा, किंवा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

नसेल तसं काही, तर घरात दोन गोष्टी करून बघा. भिशी किंवा बचत गटाचा हप्ता ब्रेकच्या महिन्यात येत असेल तर आधीपासून महिन्याला तीनशे-चारशे बाजूला टाका, त्यांच्यासमोर, डब्यावर ‘ब्रेक’ लिहून. त्यांना तो डबा दिसला पाहिजे. आणि मोठ्या मुलाला सांगा, पप्पांना आठ दिवस सुट्टी आहे, का आहे तेही सांगा. पोरं समजतात. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून आम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बापाला घोडा करायला बघायचो.

पुढचा ब्रेक मार्चमध्ये असेल असं तुमच्या तारखांवरून दिसतंय. ‘स्वखुशीने’ लिहिलेला कागद पुढे येईल. सही करू नका असं मी म्हणत नाही, न करून बाहेर राहिलेले पाहिलेत मी. सही करताना तारीख स्वतःच्या हातानं टाकायला सांगा, जागा कोरी सोडू नका, आणि गेटपास जमा करायच्या आधी त्याची झेरॉक्स.